छातीत धडधड : टेन्शन की आजार?

मृगाचा पाऊस लांबला की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक, टँकरच्या पाण्याने पोट बिघडलेले. दुसरे, छातीवर हात ठेवून आत येणारे. ‘डॉक्टरसाहेब, काळीज उडायलंय’, ‘मधीच ठोका चुकायलाय’, ‘छातीत पाखरू फडफडावं तसं व्हायलंय’, अशी त्यांची तक्रार असते. पेरणीसाठी उचललेले पैसे, सोसायटीचे कर्ज, मुलीचे जमत आलेले लग्न, मुलाची बारावी, यांपैकी काही ना काही पाठीमागे असतेच. आणि बहुतेकांना कुणीतरी आधीच सांगून टाकलेले असते, ‘काही नाही, टेन्शन आहे.’ सांगणारा कधी शेजारी असतो, कधी मेडिकलवाला, कधी आमच्याच व्यवसायातला.

हे उत्तर पुष्कळदा बरोबर निघते, हे मी नाकारत नाही. पण ते पहिले उत्तर नव्हे. नाडी पाहिली, छाती ऐकली, कार्डिओग्राम काढला, रक्त तपासले आणि काही सापडले नाही, तर मग शेवटी द्यायचे ते उत्तर आहे. ते आधीच दिले तर काय होते, हे पुढे सांगतो. त्याआधी ठोका चुकतो म्हणजे नेमके काय होते ते पाहू.

मिनिटाला सत्तर ठोके धरले तर आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. या कामाचा हुकूम मेंदूकडून येत नाही. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो, तोच विजेचे बारीक संदेश सोडतो आणि ताल धरतो. १९०७ साली इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा पुंजका सापडला तेव्हा फ्लॅक वैद्यकीय विद्यार्थीच होता! हा ताल घड्याळासारखा टकटक चालत नाही. श्वास आत घेताना तो किंचित जलद होतो, सोडताना मंदावतो. तरुण मुलांत हा फरक हाताला सहज कळतो आणि तो निरोगीपणाचेच लक्षण आहे.

आता चुकलेला ठोका. खरे तर तो चुकलेला नसतोच, तो वेळेआधी आलेला असतो. जालना-अंबड एस.टी. वेळेच्या आधीच सुटली असे समजा. तिच्यात चारच प्रवासी असतात. मग स्टँडवर बराच वेळ गाडी नाही आणि पुढची येते ती खचाखच भरून. हृदयाचेही तसेच आहे. जादा ठोका अवेळी पडतो, तेव्हा हृदयात रक्त पुरते भरलेले नसते, म्हणून तो मनगटावर जाणवतही नाही. मग एक लांबलेली पोकळी जाते आणि त्यानंतरचा भरलेला ठोका छातीत गचका मारल्यासारखा लागतो. रुग्ण घाबरतो तो त्या पोकळीला आणि गचक्याला. धडधाकट माणसाच्या अंगाला यंत्र लावून चोवीस तासांची नोंद घेतली, तर बहुतेकांत असे एखाददुसरे ठोके सापडतातच. ज्याच्या हृदयाचे स्नायू आणि झडपा चांगल्या आहेत, त्याला अशा तुरळक जादा ठोक्यांपासून सहसा धोका नसतो.

मग मनाचा यात भाग काय? आपल्या भाषेला याचे उत्तर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘काळजात धस्स झाले’, ‘काळजाचा ठोका चुकला’, ‘जीव वरखाली झाला’ हे शब्दप्रयोग काही कुण्या डॉक्टरने केलेले नाहीत. हृदय आपला ताल स्वतः धरते हे खरे, पण त्याला लगाम आणि चाबूक बाहेरून लागतात. नसांची एक जोडी वेग वाढवते, दुसरी आवरते. भीती, राग, अपमान, जागरण यांनी पहिली जोडी जोर धरते, रक्तात ॲड्रेनॅलिन उतरते, ठोके जलद होतात आणि हृदयाच्या पेशी चिडखोर बनतात. चिडलेल्या पेशी अवेळी ठोके टाकतात. म्हणजे टेन्शनने धडधड होणे हा मनाचा खेळ नाही. ती शरीरात खरोखरच घडणारी गोष्ट आहे, कार्डिओग्रामच्या पट्टीवर दिसणारी. म्हणून ‘तुमच्या मनाचे आहे’ असे म्हणून रुग्णाला वाटेला लावणे मला पटत नाही.

याचे चाक कसे फिरते त्याचे एक उदाहरण देतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण माझ्याकडे येत असे. रात्री दोनपर्यंत अभ्यास, दिवसातून आठ-दहा चहा, त्यात नुकत्याच आलेल्या नापासाच्या निकालाचा घोर. एका रात्री ठोका चुकल्याचे त्याला जाणवले. तो घाबरला, घाबरल्याने ठोके वाढले, वाढल्याने आणखी चुकले. मग त्याने मनगटावर नाडी दाखवणारे घड्याळ बांधले आणि दर पाच मिनिटांनी आकडा पाहू लागला. ९४ दिसले की भीतीने १०४ होत. कार्डिओग्राम, हृदयाची सोनोग्राफी, रक्त, सगळे चांगले होते. त्याला औषध असे फारसे लागले नाही. एस.टी.चे उदाहरण कागदावर आकृती काढून समजावले, ते घड्याळ काढून ठेवायला लावले, साडेअकराला दिवा मालवायचे ठरवून दिले. ठोके लगेच थांबले नाहीत. पण त्यांची भीती गेली आणि दीडदोन महिन्यांत ते विरळ झाले.

पण ताणाचा धक्का सर्वांनाच असा सोसतो का? किल्लारीची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कुणी विसरलेले नाही. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, तशाच पहाटेच्या अंधारात अमेरिकेतील लॉस एंजलिस भागात भूकंप झाला. तेथील डॉक्टरांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने अकस्मात होणारे मृत्यू आधीच्या आठवड्यात दिवसाला सरासरी ४.६ होते, भूकंपाच्या दिवशी ते २४ झाले. याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढची आहे. नंतरचे सहा दिवस हाच आकडा नेहमीपेक्षाही खाली, २.७ वर आला. याचा अर्थ मी असा लावतो की ज्यांची हृदये आधीच कडेवर उभी होती, त्यांना त्या पहाटेने ढकलले. निरोगी हृदये लाखोंच्या संख्येने धडधडली आणि पुन्हा ताळ्यावर आली. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या घटना इतर दिवसांच्या अडीचपटीहून जास्त झाल्या. त्यातही आधीपासून हृदयविकार असलेले अधिक होते. (आपल्याकडे क्रिकेटच्या शेवटच्या षटकाला बी.पी.ची गोळी शोधणारे आजोबा मी पाहिले आहेत.)

तेव्हा ‘टेन्शन आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. टेन्शन कोणत्या हृदयावर येऊन पडले आहे, हा खरा प्रश्न आहे.

घनसावंगी तालुक्यातील एक बाई, वय चाळिशीच्या आसपास. वर्षभर धडधड आणि चढावर दम लागण्याची तक्रार. मुलीचे लग्न अंगावर, त्यात मोसंबीची बाग २०१२-१३ च्या दुष्काळात वाळलेली. तेव्हा प्रत्येकाने तिला टेन्शन म्हणून झोपेच्या आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या. कुठे कुठे दाखवले ते इथे लिहिण्याचे कारण नाही. माझ्याकडे आली तेव्हा मी मनगट धरले. नाडीला कसला ताळमेळच नव्हता. स्टेथोस्कोप ठेवला तर छातीत घरघर ऐकू आली. विचारता विचारता कळले, लहानपणी ताप येऊन गुडघे, घोटे आळीपाळीने सुजले होते. तो संधिवाताचा ताप. शाळकरी वयात घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो, त्यावर नीट उपचार झाला नाही तर काही मुलांना हा ताप येतो, सांधे बरे होतात पण हृदयाच्या झडपा कायमच्या दुखावतात. बाईंची डाव्या बाजूची झडप आवळत गेली होती आणि त्यामागच्या कप्प्याचा ताल सुटला होता. टेन्शन होतेच, पण ते आजाराच्या पाठीवर बसून आले होते. छत्रपती संभाजीनगरला हृदयविकारतज्ज्ञांनी फुग्याने झडप रुंद केली. त्या आज रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर आहेत आणि घरचे सगळे करतात.

या ताल सुटण्याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. तेथे रक्त साकळते, त्याची गुठळी बनते आणि ती सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायूचा झटका येतो. या रुग्णांत अशा झटक्याची शक्यता साधारण पाचपट असते. झडप आवळलेली असेल तर त्याहूनही कितीतरी जास्त. म्हातारपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, रात्रीचे मोठे घोरणे आणि दारू यांनीही हा विकार होतो. कित्येकांना धडधड जाणवतसुद्धा नाही आणि पहिली खबर तोंड वाकडे झाल्यावरच लागते.

हा विकार ओळखायला महागडे यंत्रच हवे असे नाही, संशय घ्यायला तीन बोटे पुरतात. पाच मिनिटे स्वस्थ बसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटे अलगद ठेवा आणि घड्याळ समोर ठेवून पुरते एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, त्यात गडबड हातून निसटते. गावच्या भजनातला टाळ आठवा. एखादा टाळकरी मध्येच एक ठोका चुकतो पण भजन चालूच राहते, तशी नाडी असेल तर ते बहुधा जादा ठोके आहेत. सगळे टाळकरी एकाच तालात पण फार द्रुत लयीत वाजवत असतील, तर तो ताप, रक्ताची कमतरता, भीती यांचा वेग असू शकतो. आणि प्रत्येक टाळकरी आपापल्याच तालात असेल, एकही दोन ठोके सारख्या अंतरावर पडत नसतील, तर त्याच दिवशी कार्डिओग्राम काढा. साठीपुढील प्रत्येकाने महिन्यातून एकदा असे पाहावे असे माझे सांगणे आहे. नातवंडांना शिकवले तर ती आवडीने पाहतात.

निदान झाले तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीला पर्याय नाही. ॲस्पिरिन त्याची जागा घेत नाही. वॉरफेरिन किंवा असिनोकुमरॉल चालू असेल तर आय.एन.आर. ही रक्ततपासणी ठरल्या वेळी करावीच लागते. अनेकांना मेथी, पालक, शेपू पूर्ण बंद करायला सांगितलेले असते. तसे करू नका, रोजचे प्रमाण सारखे ठेवा. महिनाभर काहीच नाही आणि मग हिवाळ्यात रोज मेथी, हे वाईट. गुडघेदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून खाणे तर घातकच, पोटात रक्तस्राव होतो. आता तपासणीची कटकट नसलेली नवी औषधे आली आहेत आणि पुष्कळांना ती चांगली लागू पडतात. मात्र संधिवाताच्या तापाने झडप आवळलेल्यांसाठी जुनेच औषध सरस, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले आहे. तेव्हा शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलू नका.

आणखी एक प्रकार आहे. बटण दाबावे तशी अचानक धडधड सुरू होते, नाडी १८० किंवा त्याहूनही पुढे जाते आणि तशीच अचानक थांबते. हे बऱ्याचदा तरुणांत, विशेषतः मुलींत दिसते आणि हमखास ‘घाबरट आहे’ म्हणून सोडून दिले जाते. हृदयात विजेची एक आडवाट असते, तिच्यामुळे हे होते. जोराने कुंथल्याने कधी कधी हा झटका मोडतो. ब्रिटनमध्ये २०१५ साली असे दिसले की पंधरा सेकंद कुंथल्यावर रुग्णाला लगेच आडवे करून त्याचे पाय वर उचलून धरले, तर शंभरातील ४३ जणांची नाडी मिनिटभरात जागेवर आली. नुसत्या कुंथण्याने १७ जणांचीच आली होती. पहिल्यांदा हे डॉक्टरांसमोरच शिकून घ्यावे. ही आडवाट तारेने जाळून कायमची बंद करण्याचा उपचार मोठ्या शहरांत होतो आणि तो चांगला आहे.

धडधडीची साधी कारणे आपल्या जिल्ह्यात ढिगाने आहेत. पहिले, बायकांतील रक्ताची कमतरता. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईचे हृदय पळणार नाही तर काय करणार? तिला झोपेची गोळी नको, लोह हवे. थायरॉईड वाढलेले असेल तर वजन उतरते, हात कापतात, नाडी पळते. दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या यांनीही धडधडते. औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यांतून भट्टीपुढे राबणारे कामगार एप्रिल-मेमध्ये घामावाटे पाणी आणि क्षार गमावतात, त्यांनी नुसते पाणी न पिता मीठ घातलेले ताक, ओ.आर.एस. घ्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असताना नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास करणाऱ्या भगिनींच्या अंगातले पोटॅशियम घसरू शकते आणि त्याने ठोके खरोखरच बिघडतात. उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे. श्रद्धेला त्याने काही बाधा येत नाही.

चहाला मात्र आपण उगाच बदनाम केले आहे. दोन-तीन कप चहाने बहुतेकांचे ठोके बिघडत नाहीत. ज्याला स्वतःला चहानंतर धडधडते त्याने कमी करावा, एवढेच. खरे गुन्हेगार तंबाखू आणि दारू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या खिशातून निघतातच. आणि हळदीच्या रात्री भरपूर दारू पिऊन दुसऱ्या दिवशी सुटलेल्या तालाने दवाखान्यात येणारे पाहुणे प्रत्येक लग्नसराईत असतात.

‘डॉक्टर, ठोके बंद करणारी गोळी द्या,’ असा हट्ट धरणाऱ्यांना मी एक हकिकत सांगतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांमध्ये जादा ठोके असणारे जास्त दगावतात, हे डॉक्टरांना ठाऊक होते. तेव्हा ठोके दाबले तर माणसे वाचतील, असे सर्वांना वाटले. अमेरिकेत मोठी चाचणी घेतली गेली. औषधांनी ठोके छान दाबले गेले, पण औषध घेणारे साध्या पिठाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त मरू लागले. १९८९ साली त्यातील दोन औषधे तातडीने थांबवावी लागली. तेव्हापासून आम्ही पट्टीवरचा प्रत्येक जादा ठोका पुसायच्या मागे लागत नाही. गरज असलेल्यांना वेग आवरणारी औषधे देतो, पण तीही तपासून. दमा असलेल्याला शेजाऱ्याची धडधडीची गोळी जिवावर बेतू शकते आणि चालू असलेली गोळी एकदम तोडली तरी हृदय उसळते.

तपासणीत काही सापडले नाही आणि ताणच उरला, तर त्याच्याकडे औषधाइतक्याच गंभीरपणे पाहावे. झोप सर्वांत आधी. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे सावकाश श्वास घ्या, मिनिटाला साधारण सहा, सोडताना जास्त वेळ. यात आवरणाऱ्या नसांना बळ मिळते, मंत्रतंत्र काही नाही. रोज अर्धा तास चाला. कर्जाचा आकडा कागदावर लिहून घरात एकाला तरी दाखवा. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांच्या बायकोला तो आकडा माहीत नसतो, आणि धडधड त्या लपवलेल्या आकड्याची असते. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतून बोलता येते. संकोच करू नका.

मात्र धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखले, दम लागून बोलता येईना, घाम फुटून अंग गार पडले, तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका, १०८ ला फोन करा. पळताना किंवा काम करताना चक्कर येऊन पडणारा तरुण आणि ज्याच्या घरात कुणी ऐन तारुण्यात अचानक गेले आहे असा माणूस, यांना एकही ठोका चुकल्याचे जाणवले तरी तपासणी टाळू नये.

दवाखान्यात येताना एका कागदावर लिहून आणा : धडधड कधी सुरू झाली, किती मिनिटे टिकली, अचानक थांबली की हळूहळू, तेव्हा नाडी किती होती, त्याआधी काय खाल्ले-प्यायले आणि काय घडले होते. घरातील सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घाला, आयुर्वेदिक असतील तीही. शक्य तर धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन कार्डिओग्राम काढून घ्या, थांबल्यावर काढलेली पट्टी बहुधा चांगलीच येते. आणि जुन्या पट्ट्या टाकू नका. त्यांचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, कपाटात वर्ष-दोन वर्षांत रेघा उडून कोरा पडतो. म्हणून काढल्याबरोबर तिची झेरॉक्स करून तारीख घालून ठेवा.